काचमणी, प्राचीन
काच तापवून घडविलेले व ओवण्यासाठी आरपार छिद्र ठेवलेले शोभेचे मणी. महाराष्ट्रात सातवाहनकाळात त्यांचा प्रसार वाढला. तेर, नेवासे, भोकरदन व कोल्हापूर येथील अवशेषांत ते आढळले आहेत.

मणी करण्याच्या मुख्य पद्धती दोन. एकीत तप्त काचेची पोकळ नळी ओढून तिचे बारीक तुकडे करीत व ते पुन्हा तापवून त्यांच्या कडा गोलसर करीत. दुसरीत धातूच्या तारेभोवती वितळलेल्या काचेचा धागा गुंडाळीत. ओढीव मण्यातील रेषा व बुडबुडे छिद्राला समांतर असतात; गुंडाळीव मण्यात ते छिद्राभोवती वळलेले दिसतात. त्यामुळे साध्या भिंगानेही पद्धत ओळखता येते. तांब्याच्या संयुगांमुळे निळसर हिरवा किंवा अपारदर्शक तांबडा, तर कोबाल्टमुळे गडद निळा रंग येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरी येणाऱ्या मालात कच्च्या काचेचा उल्लेख आहे. पैठण व तेर (तगर) यांचा व्यापार याच बंदराशी होता. म्हणून येथे मिळालेल्या मण्याची घडण स्थानिक असली, तरी काच परदेशी असणे शक्य आहे.

मण्याचे ऐतिहासिक मोल त्याच्या स्थानावर अवलंबून असते. कोल्हापूर येथे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनन केले. तेथे सातवाहन व बहमनी अशा दोन्ही काळांच्या वसाहती उघडकीस आल्या. त्यांच्या दरम्यान सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. पण साधा एकरंगी मणी दोन्ही काळांत सारखाच दिसू शकतो. त्याचा काळ सांगतो तो त्याचा थर आणि त्याच थरातील नाणी व खापरे. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ लिहिला (१९६९).

तेर (जि. धाराशिव) येथील वस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावपरिसरातून जमविलेल्या वस्तूंतून उभे राहिले. अशा संग्रहामुळे असंख्य वस्तू नाश पावण्यापासून वाचतात. मात्र थराची नोंद नसल्याने मण्यांचा काळ घडण, रंग व रासायनिक पृथक्करण यांवरूनच अजमावावा लागतो.

दमटपणामुळे काचेतील क्षार झिरपून पृष्ठभागावर पापुद्रे धरतात. संग्रहालयात कोरडी व स्थिर हवा राखणे जितके आवश्यक, तितकेच प्रत्येक मण्याच्या थराची नोंद त्याच्यासोबत ठेवणेही आवश्यक असते. निरनिराळ्या थरांतील मणी शोभेसाठी एका माळेत ओवल्यास त्यांचा पुरावा कायमचा नष्ट होतो.