फिलिप्सचा घरगुती संगणक : एका अपेक्षेचा इतिहास

आइंडहोव्हनच्या शेजारी हेल्मंड गावात २०१८ साली घरगुती संगणकांचे एक संग्रहालय सुरू झाले. तिथली यंत्रे काचेआड ठेवलेली नाहीत. समोर बसून चालवता येतात. एका रविवारी सहकुटुंब गेलो असता मुलाने विचारले, "बाबा, फिलिप्स संगणकही बनवायची?" या गावाच्या परिसरात इतकी वर्षे राहूनही मला नीटसे उत्तर देता आले नाही. म्हणून थोडे वाचले. ते आपल्या मंडळींना सांगण्यासारखे आहे.

फिलिप्सने १९८० साली 'पी २०००टी' हा संगणक काढला. झेड ८० हा प्रोसेसर, १६ किलोबाइट स्मृती, कळफलक आणि यंत्र एकाच पेटीत. पडदा म्हणजे घरचा दूरदर्शन संच. वरच्या झाकणाखाली बेसिक भाषेची कार्ट्रिज बसवायची. शेजारी छोटी कॅसेट. हवा तो प्रोग्राम टेपवर कुठे आहे हे संगणक स्वतःच शोधून काढी. इतर यंत्रांचे मालक टेपरेकॉर्डरची बटणे दाबत बसत, त्या काळात ही चैनच म्हणायची.

चित्रांसाठी मात्र फिलिप्सने टेलिटेक्स्टची चिप वापरली. चाळीस अक्षरांच्या चोवीस ओळी, आठ रंग. अक्षरे सुबक, पण चित्रे ठोकळ्यांची. इंग्लंडच्या 'बीबीसी मायक्रो'तही हीच चिप होती, आणि भारत सरकारने १९८४ साली सुरू केलेल्या 'क्लास' प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रोच दिले गेले. म्हणजे आपल्यापैकी ज्यांनी शाळेत तो संगणक सुरू होताना पाहिला, त्यांना पडद्यावर उमटलेली पहिली अक्षरे फिलिप्सच्या घराण्यातल्या चिपनेच दाखवली! फरक एवढाच की बीबीसी मायक्रोत खऱ्या चित्रांची सोयही होती.

दरम्यान बाजार पुढे गेला. इंग्लंडमध्ये १९८२ साली सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम १२५ पौंडांपासून मिळू लागला. त्याच वर्षी अमेरिकेत ५९५ डॉलरला आलेला कमोडोर ६४ वर्षभरात दोनशेच्या आसपास उतरला. अशा वेळी ग्राहकाची अपेक्षा सरळ असते : नवे रूप द्या, चित्रे सुधारा आणि किंमत उतरवा.

पण किमतीत आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे शेजाऱ्याकडचा प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालतो की नाही. तेव्हा प्रत्येक यंत्राची बेसिक निराळी. यावर हिल्व्हरसमच्या एनओएस नभोवाणीच्या 'हॉबीस्कोप' कार्यक्रमाने 'बेसिकोड' हा सुरेख तोडगा काढला. प्रोग्राम आवाजाच्या रूपात रेडिओवरून प्रसारित व्हायचे आणि लोक ते कॅसेटवर उतरवून घ्यायचे. पहिल्या हजार ओळी-क्रमांकांची जागा ज्याच्या त्याच्या यंत्रासाठी राखलेली. पुढचा प्रोग्राम सर्वांना सारखा. घराघरातील भाषा वेगळी असली तरी मंडळाच्या कार्यक्रमात आपण समान भाषा बोलतो, तसेच हे!

फिलिप्सलाही हे पटले असावे. १९८३ साली जपानमध्ये जाहीर झालेल्या एमएसएक्स या समाईक मानकात ती सामील झाली. १९८४ सालच्या व्हीजी ८०२० नंतर १९८६ साली एनएमएस ८२५० आला. सुटा कळफलक, साडेतीन इंची फ्लॉपी, १२८ किलोबाइट स्मृती, डोळ्यांना सुखावणारी चित्रे. ग्राहक ज्याची वाट पाहत होता ते नवे रूप हेच. नेदरलँड्समध्ये एमएसएक्सवर लोकांनी मनापासून प्रेम केले. पण तोवर जगाने आयबीएमशी सुसंगत पीसीची वाट धरली होती. फिलिप्सने १९८५ साली काढलेला 'येस' पूर्णपणे सुसंगत नव्हता. तो चालला नाही.

समाईक मानकाने किंमत उतरते. पण तेच यंत्र कोणीही बनवू शकतो, आणि मग स्वस्तात बनवणारा जिंकतो. १९९० साली यान टिमर यांनी फिलिप्समध्ये 'सेंच्युरियन' ही पुनर्रचना सुरू केली, तीत चाळीस हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. त्यामागे कारणे अनेक होती. संगणक त्यांतले एक. १९९१ साली कार्यालयीन संगणकांचा विभाग अमेरिकेच्या डिजिटल कंपनीकडे गेला. पुढे पगारातून करसवलतीने घरी संगणक घेण्याची 'पीसी-प्रिव्हे' योजना इथे आली आणि ती २००४ साली बंद झाली, तोवर घरोघरी आलेल्या संगणकांवर फिलिप्सचे नाव शोधूनही सापडणे कठीण होते.

ग्राहक म्हणून आपण सारेच नवे रूप आणि कमी किंमत मागतो; त्यात गैर काही नाही. पण आपल्यापैकी अनेकांचा संसार अभियंत्याच्या पगारावर चालतो. दुकानात किंमत उतरली की आपल्याला आनंद होतो, आणि तीच किंमत कारखान्यात उतरवायची झाली की आपल्याच कोणाच्या घरी काळजी शिरते. दोन्ही बाजूंना आपणच असतो.

मुलाला मी आता उत्तर देऊ शकतो : होय, बनवायची. चांगले बनवायची. ते टिकले का नाहीत, हे तो मोठा झाल्यावर त्याला सांगेन.