मात्तेओ रिची : एक पत्र आणि एक चीवर

चीनमध्ये कॅथॉलिक धर्म रुजवणाऱ्या पहिल्या मंडळींत इटलीच्या मात्तेओ रिचीचे (१५५२–१६१०) नाव अग्रभागी येते. जगाचा नकाशा आणि युक्लिडची भूमिती चिनी भाषेत आणणारा पंडित, ही त्याची ओळख. परंतु १५७८ ते १५८२ तो हिंदुस्थानात, बहुतांशी गोव्यात होता, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात तेव्हा नवे धोरण आले होते. एतद्देशीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्र शिकवू नये. का, तर शिकले की ते गर्विष्ठ होतात, गरीब वस्तीत काम करायला राजी नसतात! 'शिकून माजले' हे शब्द परभणी जिल्ह्यातल्या कोणत्या वस्तीने ऐकले नाहीत? २५ नोव्हेंबर १५८१ रोजी एकोणतीस वर्षांच्या रिचीने थेट रोमला, संघप्रमुख आक्वाविव्हाला पत्र लिहून विरोध नोंदवला. हाच आक्षेप युरोपातल्या विद्यार्थ्यांवरही घेता येईल, त्यांना मात्र कोणी अडवत नाही. हे लोक कितीही शिकले तरी गोऱ्यांकडून त्यांना मान मिळत नाहीच. त्यात विद्याही नाकारली, तर ते आमचा द्वेषच करतील. असा त्याचा रोखठोक युक्तिवाद होता.

हाच रिची १५८३ मध्ये चीनमध्ये झाओचिंगला गेला तेव्हा मुंडन करून त्याने बौद्ध भिक्षूचे चीवर घातले. बारा वर्षांत त्याला कळून चुकले, की अधिकारीवर्गात भिक्षूला प्रतिष्ठा नाही. १५९५ साली दाढी वाढवून त्याने कन्फ्यूशियन पंडिताचा रेशमी झगा चढवला. १६०१ मध्ये पेकिंगचे दार उघडले. १६०३ च्या ग्रंथात त्याने कन्फ्यूशियसशी जुळवून घेतले आणि बुद्धाच्या शिकवणीवर मात्र टीका केली.

रिची लबाड नव्हता; चिनी विद्येबद्दल त्याला खरा आदर होता. पण ज्या वेशाला मान नाही तो उतरवायचा, ही त्याने केलेली निवड होती. १९५६ साली नागपुरात आपल्या लोकांनी बुद्धाला जवळ केले ते नेमक्या उलट्या कारणाने.

या निवडीचे भारतीय रूप लवकरच दिसले. रिचीच्याच जेझुइट संघाचा रॉबर्ट द नोबिली १६०६ मध्ये मदुरेला आला आणि ब्राह्मण संन्याशाच्या वेशात राहू लागला. स्वयंपाकी ब्राह्मण, आहार शाकाहारी, आणि खालच्या मानलेल्या जातींच्या ख्रिस्ती बांधवांपासून अंतर. पुढे त्या जातींसाठी उपदेशकही वेगळे नेमले गेले. त्यांना पंडारस्वामी म्हणत.