मोजमाप आणि मूल

'ढ' हा एकाक्षरी शिक्का ज्यांच्यावर बसला, त्यांतील कित्येक मुले बुद्धीने कमी नव्हती. छापील अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड घालणे तेवढे त्यांना कठीण जात होते. या अडचणीला आज डिस्लेक्सिया म्हणतात. ती ओळखण्याची साधने कशी घडली, याचा हा संक्षिप्त आढावा.

१८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा गणितात चांगला, दृष्टी निर्दोष. पण स्वतःच्या नावातील अक्षरांचा क्रमही तो चुकवी. शिक्षण सारे तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. हे झाले निरीक्षण. मापनाचे साधन १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों यांनी सिद्ध केले. कोणत्या मुलांना वेगळ्या अध्यापनाची गरज आहे, हे शोधणे हा त्यांचा हेतू होता. पुढे त्याच मापनाने माणसांची प्रतवारी लावली गेली, हा इतिहासही विसरता कामा नये.

परभाषेतील प्रश्न मराठी मुलाला विचारून त्याची बुद्धी कळत नाही. म्हणून व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागात मराठी व कन्नड मुलांसाठी बिने यांची चाचणी नव्याने बसविली. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला. १९६९ मध्ये नागपूरच्या आर्थर मॅलिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी आली. परंतु बुद्ध्यंकाने वाचनातील अडचण उलगडत नाही. त्यासाठी आधी डोळे व कान तपासावे लागतात; मग वाचन, लेखन, गणित आणि शब्दांतील ध्वनी वेगळे करण्याची क्षमता पाहावी लागते. देवनागरीची स्वतःची वळणे आहेत: 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात मात्र ती व्यंजनानंतर. २०१५ मध्ये राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी चाचणीसंच दिला, तो याच कारणाने महत्त्वाचा.

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. १९९५ च्या केंद्रीय अपंगत्व कायद्यात या अडचणीला स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्याने ते दिले, आणि ती शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय योजावेत, असेही सांगितले.

'लवकर' हा शब्द आपल्या हरमलसारख्या गावासाठी मोलाचा आहे. येथील मुलाच्या घरी पेडण्याची कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी आणि पुढे इंग्रजी. नव्या भाषेमुळे अडखळणारे मूल कोणते आणि प्रत्येक भाषेत अक्षरांशीच अडणारे कोणते, हे केवळ इंग्रजी चाचणीने कळणार नाही. घरची भाषा व शाळेची भाषा दोन्ही तपासाव्या लागतील. दहावीच्या उंबरठ्यावर मिळालेल्या प्रमाणपत्राने परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, पण दुसरी-तिसरीत गमावलेला आत्मविश्वास परत येत नाही. चाचणीचा अहवाल वर्गशिक्षकाच्या हाती जावा, आणि दुसऱ्या दिवशीच्या पाठात त्याने काय बदलावे हे त्यातून त्याला कळावे. बिने यांनी मोजमाप आरंभले ते एवढ्याचसाठी.