आरएक्सला १३५ चा ब्लॉक बसतो, मग जेट स्कीला काय बसतं? टू-स्ट्रोक इंजिनांच्या मिसळीचा विषय समजून घ्या

"शंभरला एकशे पस्तीसचा ब्लॉक टाकलाय." आरएक्स पाळणाऱ्या कुठल्याही गावात हे वाक्य अभिमानाने सांगितलं जातं. यामाहाची आरएक्स १०० भारतात १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. पण गाडी बंद झाली म्हणून तिच्यावरचे प्रयोग थांबले नाहीत. एका गाडीचा ब्लॉक, दुसरीचा कार्ब्युरेटर, तिसरीचा सायलेन्सर, असं करत आपल्याकडच्या मेकॅनिक लोकांनी एक वेगळंच शास्त्र तयार केलं.

हेच शास्त्र समुद्रातही चालतं. दापोलीत मुरुड, कर्दे, लाडघरच्या किनाऱ्यावर ज्या जेट स्की फिरताना दिसतात त्या बसून चालवायच्या. पण रील्समध्ये एक माणूस उभ्या उभ्या लाटेवरून उडी मारतो, हवेत गिरकी घेतो, ती स्टँड-अप जेट स्की. तिच्या दुनियेत कंपनीतून आलेलं इंजिन जसंच्या तसं ठेवणारे लोक कमीच. खालचा भाग एका इंजिनाचा, वरचा दुसऱ्याचा, अशी मिसळ तिथे सर्रास चालते.

आधी एक गोष्ट. 'जेट स्की' हे खरं तर कावासाकी कंपनीचं ट्रेडमार्क असलेलं नाव. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो, तसाच प्रकार. क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटोक्रॉस रायडरच्या डोक्यातली ही कल्पना कावासाकीने १९७३ ला बाजारात आणली आणि ती पहिली जेट स्की उभ्यानेच चालवायची होती. यामाहाची सुपरजेट आली १९९० ला. या सगळ्या टू-स्ट्रोक. कारण सोपं आहे, वजन. टू-स्ट्रोक सुपरजेट साधारण १३९ किलोची, २०२१ ला आलेली फोर-स्ट्रोक सुपरजेट १७० किलोची, तर कावासाकीची फोर-स्ट्रोक एसएक्स-आर थेट २५० किलोची. ज्याला लाटेवरून उडी मारायची आहे त्याला हा फरक पाठीत आणि गुडघ्यात कळतो.

मग टू-स्ट्रोक बंद का झाल्या? धुरामुळे. कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा बराचसा हिस्सा, ढोबळमानाने पाव भाग, न जळताच बाहेर जातो. जेट स्कीत तो थेट पाण्यात. अमेरिकेतल्या लेक टाहो या तलावावर १९९९ पासून अशा इंजिनांना बंदीच घातली गेली. नियम कडक होत गेले आणि कंपन्यांनी एकेक मॉडेल गुंडाळलं. नवी टू-स्ट्रोक मिळेना, जुनीचा एक भाग गेला की दुसऱ्या मॉडेलचा शोधायचा, आणि शोधतोच आहोत तर थोडा मोठाच बसवू. मिसळीची सुरुवात गरजेतून झाली, नाद नंतर लागला.

मिसळ जमते कधी?

याचं अर्धं उत्तर एका आकड्यात आहे, तो म्हणजे स्ट्रोक. पिस्टन वरपासून खालपर्यंत किती मिलिमीटर प्रवास करतो ते अंतर.

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आत-बाहेर करायला वरती व्हॉल्व्ह असतात. टू-स्ट्रोकमध्ये तसं काही नाही. ब्लॉकच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना या खिडक्या स्वतःच उघडतो आणि झाकतो. म्हणजे पिस्टन हाच दरवाजा. त्यामुळे कुठली खिडकी कधी उघडणार हे दोन गोष्टींवर ठरतं. ती ब्लॉकमध्ये किती उंचीवर आहे आणि पिस्टन किती लांब धावतो.

आता आरएक्सचं गणित बघा. आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ५०. आरएक्स १३५ चा बोअर ५८, स्ट्रोक तोच ५०. क्रँक तेवढंच फिरतंय, पिस्टन तेवढाच धावतोय, फक्त जाड झाला. म्हणून ती मिसळ जमते. तरी मोठी स्लीव्ह खाली बसावी म्हणून क्रँककेस, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबर, लेथवर बोअर करून घ्यावं लागतंच.

यामाहाच्या जेट स्कीत अगदी हाच प्रकार आहे. जुन्या सुपरजेटचं '६५०' इंजिन खरं ६३३ सीसीचं, बोअर ७७, स्ट्रोक ६८. नंतरचं ७०१ सीसीचं, बोअर ८१, स्ट्रोक पुन्हा ६८. म्हणून या घराण्यातले भाग एकमेकांत फिरवले जातात. भागांवर ओतलेले '६१एक्स', '६२टी' असे कोड या लोकांना पाठ असतात, आपल्याकडे गाडीच्या नंबरवरून जिल्हा ओळखतात तसे. कावासाकीत जुनं ४४० आणि ५५० ही जोडी अशीच, दोघांचा स्ट्रोक ६० मिलिमीटर.

पण कावासाकीचंच ६५० आणि ७५० घ्या. ६५० चा स्ट्रोक ७०, ७५० चा ७४. चारच मिलिमीटर, त्यात काय एवढं? तर बाकी सगळं सारखं धरलं तरी ७४ साठी बनवलेल्या ब्लॉकमध्ये ७० चा क्रँक पिस्टनला दोन मिलिमीटर कमी वर नेणार आणि दोन मिलिमीटर कमी खाली आणणार. वर कॉम्प्रेशन पडलं, खाली खिडक्या पूर्ण उघडल्या नाहीत. बोल्ट घट्ट बसतील, इंजिन सुरूही होईल, पण जे मिळवायला हा खटाटोप केला तेच मिळणार नाही. मग जाड पॅकिंग, वेगळं हेड, नाहीतर सरळ क्रँकच बदलणं, असे मार्ग काढावे लागतात.

उरलेलं अर्धं उत्तर बोल्टच्या पलीकडे

ब्लॉक बसला म्हणजे काम झालं, असं वाटतं आणि इथेच पिस्टन जातात.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खालच्या चेंबरमध्ये येतं आणि तिथून वाटांनी वर ब्लॉकमध्ये ढकललं जातं. दोन वेगळ्या इंजिनांचे भाग जोडले की या वाटांची तोंडं एकमेकांसमोर नीट येत नाहीत, मध्ये पायरी राहते. ती घासून सारखी करावी लागते. मग हेड. पिस्टन सर्वांत वर असताना हेडच्या कडेशी किती फट उरते ते मोजायला एक भारी देशी पद्धत आहे. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार कडेपर्यंत सरकवायची, इंजिन हाताने एक फेरा फिरवायचं आणि चेपलेली तार व्हर्नियरने मोजायची. साधारण एक मिलिमीटरच्या आसपास उत्तर येणं बरं. फारच कमी आलं तर पिस्टन हेडला धडकू शकतो.

सगळ्यात मोठा घोळ कार्ब्युरेटरचा. मोठा ब्लॉक जास्त हवा ओढतो, पण जेट जुनाच असेल तर पेट्रोल त्या प्रमाणात येत नाही. शिवाय या इंजिनांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पन्नासास एक या प्रमाणात लिटरला २० मिलि, चाळीसास एक धरलं तर २५ मिलि. म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडलं. इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि सीज होतो. गंमत म्हणजे त्याच्या थोडं आधी इंजिन नेहमीपेक्षा जास्त पळतंय असंच वाटतं.

इग्निशनचं वेगळंच. फ्लायव्हील, स्टेटर आणि सीडीआय हे तिघे एकाच घरातले असलेले बरे. एक याचा, दुसरा त्याचा असं केलं तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय ताकद वाढली की मागचा इम्पेलरही त्या ताकदीला साजेसा हवा, नाहीतर इंजिन नुसतं ओरडतं आणि पाणी काही मागे फेकलं जात नाही.

रस्त्यावर आणि पाण्यात फरक काय?

आरएक्स सीज झाली तर क्लच दाबायचा आणि गाडी कडेला घ्यायची. (कायद्याचं म्हणाल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे फेरफार करू देत नाही, ते वेगळं.) जेट स्कीला कडा नाही, ब्रेक नाही. तिचं वळणंही इंजिनवरच, कारण मागून जोरात सुटणारी पाण्याची धार डावी-उजवीकडे वळवूनच ती वळते. इंजिन बंद पडलं की धार गेली आणि हँडल फिरवून उपयोग नाही. हर्णै-मुरुडच्या बाजूला ओहोटी आणि वारा दोन्ही बाहेर ओढत असतील तर माणूस किनारा दिसत असूनही लांब जात राहतो. लाईफ जॅकेट आणि मनगटाला बांधायची किल स्विचची दोरी कंपनीच्या इंजिनालाही सक्तीचीच समजावी, मिसळीच्या इंजिनावर तर एकट्याने खोल पाण्यात जाऊच नये. पर्यटकांना फिरवायच्या जेट स्कीसाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाची परवानगी लागते. तिथे असले प्रयोग करणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

कर्दे-मुरुडचा किनारा सपाट आणि वाळूचा, फिरायला झकास. पण उथळ पाण्यात इंजिन चालू केलं की पंप वाळूसकट पाणी ओढतो, इम्पेलरभोवतीची रिंग घासली जाते आणि कमावलेली ताकद तिथेच गळते. जेट स्की मांडीभर पाण्यात ढकलत न्यायची आणि मगच बटण दाबायचं.

दुसरा शत्रू मीठ. ही इंजिनं समुद्राचंच पाणी फिरवून थंड होतात, त्यामुळे बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने आतून धुवावी लागतात. यात क्रम महत्त्वाचा. आधी इंजिन सुरू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरू शकतं. मिसळीच्या इंजिनात पाण्याच्या नळ्यांची जोडणीही मूळची राहिलेली नसते, म्हणून दोन्ही सिलिंडरना सारखं पाणी पोचतंय ना हे हाताने बघून घेतात.

मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत किनाऱ्यावरची वॉटर स्पोर्ट्स बंदच असतात. कोकणातल्या दमट हवेत तीन महिने नुसतं पडून राहिलेलं इंजिन आतून गंजतं. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी प्लग काढून भोकातून थोडं टू-स्ट्रोक ऑइल सोडतात, इंजिन दोन-चार फेरे फिरवतात आणि प्लग परत लावतात. ज्यांना ब्लॉक उघडून मापं घ्यायची आहेत त्यांच्यासाठीही हेच तीन महिने.