शिरोडे येथील खांडेकर : शिक्षक ते कादंबरीकार

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, तेरेखोल नदीच्या उत्तर तीरी आरोंदे (आरोंदा) हे गाव असून नदीपलीकडे गोव्याची हद्द लागते. आरोंद्याच्या वायव्येस थोड्या अंतरावर समुद्रकाठी शिरोडे (शिरोडा) हे गाव आहे. भातशेती, माड, मासेमारी व मिठागरे यांवर जगणाऱ्या या चिंचोळ्या पट्ट्यास मराठी कादंबरीच्या इतिहासात स्थान लाभले, ते प्रामुख्याने विष्णु सखाराम खांडेकर (१८९८–१९७६) यांच्या शिरोडे येथील अठरा वर्षांच्या वास्तव्यामुळे. उपजीविकेचा एक व्यवसाय निष्ठेने करीत असता व संसाराची जबाबदारी सांभाळीत असता लेखक कादंबरीकडे कसा वळतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

खांडेकरांचा जन्म सांगली येथे झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम. मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे असताना राम गणेश गडकरी यांचा सहवास त्यांना लाभला. १९१६ मध्ये सावंतवाडी परिसरातील नानेली येथील चुलत्यांना ते दत्तक गेले व विष्णु सखाराम झाले. या दत्तविधानाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले आणि पुण्याच्या वाङ्मयीन वर्तुळातून ते दक्षिण कोकणात आले. १९२० मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी शिरोडे येथील ट्यूटोरियल इंग्लिश स्कूल या शाळेत ते शिक्षक म्हणून रुजू झाले व पुढे तेथेच मुख्याध्यापक झाले. ग्रामीण भागात इंग्रजी शिक्षण पोहोचविणाऱ्या या शाळेची साधने तुटपुंजी होती. शिक्षकाची नोकरी हे तेथे चरितार्थाच्या साधनापेक्षा अधिक व्रतच होते.

पहिल्या दशकात खांडेकरांनी कथा, समीक्षा, विनोदी लेख व लघुनिबंध हे प्रकार प्रामुख्याने हाताळले. सावंतवाडीच्या वैनतेय साप्ताहिकातून त्यांचे नियमित लेखन प्रसिद्ध होई. शाळेचे तास, परीक्षा व संस्थेची कामे यांमधून उरणाऱ्या वेळात असे आटोपशीर लेखन शक्य होते. कादंबरीला लागणारा सलग अवकाश मात्र त्यात सहजासहजी मिळणारा नव्हता. १९२९ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि १९३० मध्ये हृदयाची हाक ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यावेळी शाळेतील नोकरीस दहा वर्षे झाली होती. त्यानंतर कांचनमृग (१९३१), उल्का व दोन ध्रुव (दोन्ही १९३४) या कादंबऱ्या आल्या. संसाराचा भार वाढत असतानाच लेखनास बहर आला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या दहा वर्षांत शिरोडे गावाने त्यांना विषय पुरविले. गरीब विद्यार्थी, कर्जबाजारी कुळे, विधवा स्त्रिया, मिठागरांवर राबणारे मजूर यांचे जीवन ते प्रत्यक्ष पाहत होते. १९३० च्या मे महिन्यात शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला आणि महात्मा गांधींच्या चळवळीचे लोण गावापर्यंत पोहोचले. ध्येयवाद व दारिद्र्य, त्याग व उपभोग, स्वप्न व वास्तव यांचा संघर्ष त्यांच्या कादंबऱ्यांत वारंवार आढळतो. त्याची मुळे या अनुभवांत आहेत. उल्का या कादंबरीतील नायिका एका ध्येयनिष्ठ शिक्षकाची मुलगी आहे. खांडेकरांचे समकालीन ना. सी. फडके हेही अध्यापक होते. तथापि महाविद्यालयात शिकविणाऱ्या फडक्यांनी ‘कलेसाठी कला’ या भूमिकेचा पुरस्कार केला, तर खेड्यातील शाळामास्तर असलेले खांडेकर ‘जीवनासाठी कला’ या पक्षाचे प्रवक्ते ठरले.

व्यवसायाचा अनुभव कादंबरीत उतरण्याचा हा प्रकार केवळ शिक्षकांपुरता मर्यादित नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर, बेळगावच्या दक्षिणेस, जगलबेट येथे राहणारे मनोहर माळगावकर (१९१३–२०१०) हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी होते. लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यावर असताना त्यांनी सैन्य सोडले आणि पुढे इंग्रजीतून लेखन केले. त्यांची पहिली कादंबरी डिस्टंट ड्रम १९६० मध्ये, त्यांच्या वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रसिद्ध झाली. तिचा विषय सैनिकी जीवन हाच आहे. माळगावकरांची कादंबरी सैन्य सोडल्यानंतरची, तर खांडेकरांची नोकरीत असतानाची. एकास मागे वळून पाहण्याचे अंतर मिळाले, तर दुसऱ्यास ते मिळाले नाही. रात्री लिहिलेले पात्र त्यास दुसऱ्या दिवशी वर्गात किंवा वाटेवर भेटत होते.

१९३६ मध्ये मास्टर विनायक दिग्दर्शित छाया या चित्रपटाची कथा खांडेकरांनी लिहिली. १९३८ मध्ये शिरोडे सोडून ते कोल्हापूरला स्थायिक झाले व लेखन हाच त्यांचा मुख्य व्यवसाय झाला. १९४१ मध्ये सोलापूर येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शाळा सुटली, तरी शिक्षक सुटला नाही. क्रौंचवध (१९४२) नंतर दीर्घकाळाने आलेल्या अश्रू (१९५४) या कादंबरीचा नायक सामान्य शिक्षकच आहे. त्यांच्या लेखनावर घेतला जाणारा मुख्य आक्षेपही येथेच आहे. बोधवादी वृत्ती, सुभाषितवजा वाक्ये व अलंकारांचा हव्यास यांमुळे पात्रे कित्येकदा लेखकाच्या विचारांची वाहने बनतात, असे टीकाकारांनी दाखवून दिले आहे. वर्गात उपयोगी पडणारी उदाहरणाची व उपदेशाची सवय कादंबरीत बाधक ठरते. मात्र ज्या कळकळीमुळे भारतीय भाषांतील, विशेषतः गुजराती व तमिळ, वाचकांनी या कादंबऱ्या आपल्या मानल्या, ती कळकळही त्याच सवयीतून आलेली आहे.

या गुणदोषांचा समतोल ययाति (१९५९) या कादंबरीत साधलेला दिसतो. महाभारतातील उपाख्यानाचा आधार घेऊन भोगलालसेचे चित्रण करताना त्यांनी ययाती, देवयानी व शर्मिष्ठा यांना आपापली कथा सांगू दिली. त्यामुळे उपदेशकाचा स्वर पात्रांच्या आत्मनिवेदनात बराचसा विरून गेला. या कादंबरीस १९६० चे साहित्य अकादेमी पारितोषिक मिळाले. पुढे खांडेकरांना १९६८ मध्ये पद्मभूषण हा किताब व १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणारे ते पहिले मराठी साहित्यिक होत. उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी गेली, तरी सांगून लिहवून घेण्याचे त्यांचे काम चालूच राहिले. मिरज येथे ते निधन पावले. शिरोडे येथील त्यांच्या शाळेत त्यांचे स्मृति-संग्रहालय उभारण्यात आले आहे.