रोपवाटिका : नाशिकमधील कॅथलिक धर्मसेवकांची घडण

घर सोडून गुरुगृही राहावे आणि विद्या व व्रत दोन्ही एकदमच शिकावीत, ही कल्पना नाशिककरांस नवी नाही. गोदाकाठच्या वेदपाठशाळा आणि सिंहस्थात येणारे आखाडे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. परंतु याच शहरात, कॉलेज रोडकडील डॉन बॉस्को मार्गावर, ‘दिव्यदान’ नावाच्या संस्थेत भावी कॅथलिक धर्मगुरू तत्त्वज्ञान शिकतात, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. या शेजाऱ्यांची परंपरा आज आपण पाहू.

धर्मगुरूंच्या शिक्षणाला बांधीव रूप आले ते १५६३ मध्ये. त्या वर्षी त्रेंत येथील धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी काढावी असा ठराव केला. सेमिनरी या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ रोपवाटिका. द्राक्षांच्या या जिल्ह्यात तिचे महत्त्व निराळे सांगावयास नको. गोव्यात राशोल येथे १६१० च्या सुमारास अशी रोपवाटिका उभी राहिली आणि त्याच राशोलला १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. १५७९ मध्ये गोव्यास उतरलेल्या या इंग्रज जेसुइटाने जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या रचल्या. परका माणूस आपला कसा होतो, याचा याहून चांगला दाखला कोणता द्यावा ?

पण चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गोव्यातील धर्मसंघ एतद्देशीयांना सहसा आत घेत नसत. दिवाडीच्या मातेउश द कास्त्रो यांना म्हणून रोम गाठावे लागले, आणि तेच १६३७ मध्ये पहिले भारतीय बिशप झाले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदी घातली. स्टीफन्सने जी भाषा कष्टाने आत्मसात केली, तीच राज्यकर्त्यांना नकोशी झाली ! मात्र पुढच्याच वर्षी, १६८५ मध्ये, बाणावलीचे जोसेफ वाज जुन्या गोव्यातील एतद्देशीय धर्मगुरूंच्या एका मंडळीत सामील झाले व त्यांनी तिला संघाचे रूप दिले. दोन वर्षांनी ते स्वतः सिलोनला गेले आणि १७११ मध्ये कँडी येथे वारले. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

योगायोग असा की, हिंदी धर्मगुरू हिंदी भूमीतच घडावेत असे ठरवून पोप तेरावे लिओ यांनी जी सेमिनरी काढली, तीही १८९३ मध्ये कँडी येथेच. स्वातंत्र्यानंतर, १९५५ मध्ये, ती पुण्यास आली. पुढच्याच वर्षी नागपूरच्या नियोगी समितीने मिशनऱ्यांच्या कार्यावर कडक ठपका ठेवणारा अहवाल दिला. परदेशी मिशनऱ्यांची वाट अरुंद होत गेली, तशी स्थानिक मुलांवरची जबाबदारी वाढली. १९८७ मध्ये पुण्यातून नाशिकचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि त्याचे पहिले बिशप झाले थॉमस भालेराव. हे आडनावच पुष्कळ काही सांगून जाते.

आता या शिक्षणाची पायरी-पायरी पाहू. संघात येणाऱ्या मुलाला प्रथम किमान एक वर्ष दीक्षार्थी म्हणून काढावे लागते. त्यानंतर तो दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते घेतो, तीही आधी ठराविक मुदतीची, म्हणजे परतीची वाट मोकळी असते. मग तत्त्वज्ञान, त्यानंतर शाळा-वसतिगृहांतून प्रत्यक्ष काम, आणि शेवटी ईश्वरविद्या. तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या मिळून सहा वर्षांहून कमी चालत नाही आणि पंचविशीपूर्वी सहसा दीक्षा नाही. ‘दिव्यदान’ हे डॉन बॉस्कोंच्या सालेशियन संघाचे. या संघाच्या घरांत सकाळी ध्यान व मिस्सा, मग वर्ग, अंगमेहनत, खेळ, अभ्यास असा दिवस जातो. रात्रीच्या प्रार्थनेनंतर घरातील वडीलधारे दोन मिनिटे बोलतात, त्याला ‘शुभरात्री’ म्हणतात. ही प्रथा डॉन बॉस्कोंच्या आईने, मार्गारेटने, तुरीन येथे एका निराधार मुलाला झोपण्यापूर्वी चार शब्द सांगून पाडली, असे परंपरा सांगते.

या सामुदायिक जीवनातच खरी कसोटी असते. केरळचा, गोव्याचा, वसईचा आणि संगमनेरचा मुलगा एका पंगतीस बसतो. जेवण, भाषा, स्वभाव वेगळे. आपले म्हणून काही ठेवावयाचे नाही, आणि शेजारी कोण असावा हे आपण ठरवावयाचे नाही. ग्रंथ वाचून तत्त्वज्ञान येते, पण न निवडलेल्या माणसाबरोबर नांदणे हे रोजच्या रोज शिकावे लागते.

मिशनरी शब्दाभोवती आपल्याकडे संशय आहे. त्याला इतिहासात कारणेही आहेत आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु तो इतिहासच एक मोजमापही आपल्या हाती देतो. ज्यांनी लोकांची भाषा आपली केली, ते टिकले, आणि ज्यांनी ती दडपली, त्यांचा हुकूम उरला नाही. १९६५ मध्ये संपलेल्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेला लोकभाषेचे दार उघडले व मिस्सा मराठीत होऊ लागली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मराठीच्या बळावर २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. रोपवाटिकेतले रोप शेवटी बाहेरच्या मातीतच लावावयाचे असते. ते या मातीत रुजले की नाही, हे त्याच्या मराठीवरून ओळखावे. आणि माती म्हणून आपण त्याला किती जागा दिली, हेही त्याच वेळी स्वतःला विचारावे.