पेन्सिलची नोंद आणि आजचं सर्व्हर

"साइट अपडेट होऊन राहिली, उद्या या." राजापेठेतल्या ऑनलाइन सेंटरवर हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलं असेल. पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी सातबारा काढायला आलेल्या शेतकऱ्याला हा 'उद्या' लय महाग पडते.

लोक वापरत असलेली व्यवस्था बंद न पाडता बदलायची कशी, हा प्रश्न कम्प्युटरसोबत आलेला नाही. सातबाऱ्यावर वारस चढणं, खरेदी-विक्री, बँकेचा बोजा हे रोजच चालू असते. दप्तर एक दिवसही थांबवता येत नाही.

म्हणून पटवाऱ्याची जुनी पद्धत आठवा. बदल आधी फेरफार नोंदवहीत लिहायचा. सातबाऱ्यावर त्याची नोंद फक्त पेन्सिलनं. चावडीवर नोटीस लागायची, संबंधितांना कळवायचं, हरकतीसाठी 15 दिवस. 1966 च्या महसूल संहितेचं कलम 150 हेच सांगते. मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली की मगच शाई. आणि जुनं नाव खोडायचं नाही, त्याला कंस करायचा. दप्तरात घोळ होत नव्हते असं नाही. पण घोळ झाला तर मागे जायची वाट त्याच कागदावर होती.

सातबारा कम्प्युटरवर आला तेव्हा हे शहाणपण थोडंफार टिकलं. 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. कम्प्युटरमधला सातबारा लोकांसमोर वाचला, हस्तलिखिताशी ताडून चुका काढल्या. त्यानंतर 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला.

त्याच 2017 मध्ये मुंबई विद्यापीठानं उलट केलं. सगळ्या परीक्षांच्या सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका एकाच हंगामात स्क्रीनवर तपासायला घेतल्या. जुन्या पद्धतीचा रस्ता तयार ठेवला नाही. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत हुकली, पोरांचे पुढचे प्रवेश लटकले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून काढलं गेलं.

दोन्हीकडे कम्प्युटरच होता. फरक पडला तो आधी ताडून पाहण्याचा आणि लोकांना विचारण्याचा.

म्हणून आपली मागणी साधी असावी. अपडेट करा, पण पेरणी आणि प्रवेशाच्या दिवसांत नको. आधी एका तालुक्यात चालवून पाहा. तारीख आठ दिवस आधी तहसीलच्या फलकावर लावा. आणि नवीन नीट चालेपर्यंत जुनं बंद करू नका.

तुमच्या गावात चावडी वाचन झालं होतं का? त्यात कोणती चूक सापडली होती? खाली लिहा.